कुकडीचे रांजण

पारनेर तालुक्यातील निघोज गावानजीक कुकडी नदीचे पात्र वैशाखात उघडे पडते, तेव्हा नदी पाहावयास म्हणून गेलेल्या मनुष्यास प्रथम दिसतो तो दगड. आणि तोही ठिकठिकाणी असा गोल पोखरलेला, की कोणास पाथरवटांची एखादी पिढीच येथे खपली असावी असे वाटावे. गावकरी ह्यांना कुंडे म्हणतात, भूगोलाची पुस्तके रांजणखळगे म्हणतात. मला पुस्तकी शब्दच अधिक पसंत आहे, कारण ह्यांतील कित्येकांचे तोंड अरुंद आणि पोट मोठे आहे. आत हात घातला तर भिंत जुन्या उखळासारखी गुळगुळीत लागते, आणि तळाच्या वाळूत मूठभर वाटोळे गोटे सापडतात.

हे गोटे म्हणजेच नदीची हत्यारे. निव्वळ पाण्याला हा काळा पाषाण सहसा दाद देत नाही. परंतु पुराच्या वेळी खडकातील एखाद्या खोलगट जागी भोवरा धरतो, वरून वाहत आलेला दगड त्यात सापडतो, आणि गरगर फिरता फिरता स्वतः झिजतो व भोवतालचा खडकही झिजवतो. तो संपला की दुसरा येतो. शेजारशेजारच्या दोन रांजणांमधली भिंत अशी पातळ होत जाऊन अखेर फुटते, दोहोंचा एक होतो, आणि अशा फुटक्या रांजणांची रांग लागली म्हणजे तिलाच आपण घळई म्हणतो. वर्षातील मोजक्या पूरदिवसांतच हे काम चालते. एरवी कारखाना बंद.

नदीचा उगम जुन्नरच्या पश्चिमेस, नाणेघाटाच्या अंगाला कुकडेश्वरापाशी आहे. घाटमाथ्यावर पडलेले जे पाणी पश्चिमेकडे वळते ते कड्यावरून कोकणात उतरून थोडक्या अंतरात समुद्र गाठते. पूर्वेकडे वळणाऱ्या कुकडीला मात्र घोड, भीमा आणि कृष्णा ह्यांच्या वाटेने हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून बंगालचा उपसागर गाठावा लागतो. उतार तीव्र तेथे धूपही जबर, म्हणून कोकणातले ओढे घाटमाथा पश्चिमेकडून कुरतडत राहतात आणि कडा कणाकणाने पूर्वेकडे सरकतो.

जुन्नरच्या परिसरात खोरे ऐसपैस आहे, त्याचे सगळे श्रेय मात्र नदीला देता येत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे जे थर येथे एकावर एक पसरले, त्यांत काही घट्ट तर काही सच्छिद्र व ठिसूळ होते. ठिसूळ थर आधी झिजतो, आधार गेलेला घट्ट थर उभ्या भेगांवर तुटून कोसळतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. खोली नदीने दिली; रुंदी दिली ती पावसाने, दरडींनी आणि असंख्य ओढ्यांनी, व नदीने केवळ हमालाप्रमाणे तो मलबा वाहून नेला. शिवनेरीचा डोंगर म्हणजे त्या वाहतुकीतून मागे राहिलेला शिल्लक माल होय.

नेलेले सारेच ती समुद्राला पोचवते असेही नाही. खाली बोरी येथे कुकडीकाठच्या प्राचीन गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडला. ती राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची मानली जाते. कोणत्या उद्रेकाची, ह्यावर पंडितांचे अद्याप एकमत नाही. सोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. एका काळी नदीने हा गाळ साठवला आणि पुढे स्वतःच चिरून उघडा केला, म्हणूनच तो आपल्या दृष्टीस पडला. नदीच्या ह्या लहरीची दखल जमाबंदीच्या कायद्यानेही घेतली आहे: काठ वाहून गेलेला शेतकरी साऱ्याची सूट मागतो आणि समोरचा नव्या मळईवर हक्क सांगतो. निघोजपाशी तर एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्याला पारनेर. तेव्हा असे अर्जदार कचेऱ्याही निरनिराळ्या गाठणार.

माणिकडोह व येडगाव ही धरणे झाल्यापासून पाणी बरेचसे आवर्तनाच्या हिशेबाने सुटते. वरच्या डोंगरातला दगडगोटा मात्र भिंतीआड बसून राहतो, आणि निघोजच्या रांजणांना नवा गोटा हवा असेल तर तो आता येडगावच्या खालच्या ओढ्यांनीच आणून द्यावयाचा.