मोटारसायकल चोरी : कारणे, प्रतिबंध व विमा संरक्षण

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध, शेतमाल, शाळा, दवाखाना आणि नोकरी यांच्याशी कुटुंबाला जोडणारे ते साधन आहे. अनेकदा ते कर्ज काढून घेतलेले असते आणि वाहन चोरीस गेले म्हणून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. प्रस्तुत लेखात चोरी का घडते, ती कशी टाळता येते आणि घडल्यास नुकसानभरपाई कशी मिळते, याचा विचार केला आहे.

चोरी आणि संधी :

लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार प्रवृत्त गुन्हेगार, सोयीचे लक्ष्य व सक्षम राखणदाराचा अभाव हे तीन घटक एकत्र आले की गुन्हा घडतो. पश्चिम जर्मनीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९८० मध्ये हेल्मेट न घालणाऱ्यास जागीच दंड करण्यास सुरुवात झाली. त्या वर्षी सुमारे दीड लाख असलेली मोटारसायकल चोऱ्यांची संख्या १९८६ पर्यंत सुमारे ५४ हजारांवर आली. हेल्मेट न बाळगता चोरी करणारा रस्त्यावर सहज अडवला जाऊ लागला, हे त्याचे कारण. मोटारगाड्या व सायकलींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. यावरून असे दिसते की, चोरीचा मोठा भाग ऐनवेळी साधलेल्या संधीचा असतो आणि संधी कमी केली की चोरीही कमी होते.

प्रतिबंधाचे उपाय :

बहुसंख्य वाहनधारक केवळ हँडल लॉकवर विसंबून असतात. हे लॉक म्हणजे हँडल वळू न देणारा एक लहानसा खिळा होय. जोरदार हिसक्याने तो तुटू शकतो. साध्या वाहनांत त्यानंतर इग्निशनच्या तारा जोडून इंजिन सुरू करता येते. शिवाय सुमारे ११० किलो वजनाची मोटारसायकल दोन-तीन माणसे उचलून टेम्पोत ठेवू शकतात. म्हणून दुसरा अडथळा आवश्यक ठरतो. जाड पोलादी साखळी मागील चाकातून घेऊन खांबाला किंवा जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला बांधावी. साखळी जमिनीवर लोळत असल्यास घाव घालून तोडणे सोपे जाते. म्हणून ती वर, ताणलेली असावी. डिस्क ब्रेकचे कुलूप वाहन ढकलत नेऊ देत नाही, परंतु उचलून नेण्यापासून वाचवत नाही. इग्निशनचा प्रवाह तोडणारे छुपे बटण जाणत्या मेकॅनिककडून बसवून घेता येते. जी.पी.एस. यंत्र चोरी रोखत नाही. शोधास मात्र साहाय्य करते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवून मिळते. तिच्यावरील होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक व एकदा काढल्यास पुन्हा न बसणारे लॉक यांमुळे पट्टी बदलणे अवघड होते. तथापि, सुटे भाग करून विकण्यास तिचा अटकाव होत नाही.

विमा संरक्षण :

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे आणि त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस हा विमा पाच वर्षांसाठी घ्यावा लागतो. त्याच्या जोडीचा, चोरीची जोखीम स्वीकारणारा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्यावरही ‘विमा आहे’ अशी समजूत कायम राहते. खरी हानी येथेच होते. भरपाई विमा घोषित मूल्याइतकी मिळते. प्रचलित कोष्टकानुसार चार ते पाच वर्षे जुन्या वाहनाच्या मूल्यात ५० टक्के घट धरली जाते.

चोरी लक्षात येताच पोलिसांत गुन्हा नोंदवावा व विमा कंपनीस लेखी कळवावे. पोलिसांत तत्काळ तक्रार दिलेली असल्यास केवळ विमा कंपनीस उशिरा कळविल्याच्या कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. दाव्याच्या वेळी कंपनी मूळ किल्ल्या मागते. म्हणून दुसरी किल्ली जपून ठेवावी व वाहनास किल्ली कधीही लावून सोडू नये.

महाविद्यालयांची भूमिका :

महाविद्यालयाच्या वाहनतळावर शेकडो दुचाकी दिवसभर उभ्या असतात आणि कोणती कोणाची, हे कोणासही ठाऊक नसते. प्रवेश करताना क्रमांकाचा बिल्ला देणे व बाहेर पडताना तो वाहनाच्या क्रमांकाशी पडताळून परत घेणे, ही पद्धत अल्पखर्चिक आहे. जर्मनीत जे काम हेल्मेटच्या दंडाने केले, तेच येथे फाटकावरील पडताळणी करू शकते. कॅमेराही वाहनतळापेक्षा फाटकावर अधिक उपयोगी पडतो, कारण तेथे चेहरा व क्रमांक दोन्ही टिपले जातात.

निष्कर्ष :

कोणतेही कुलूप अभेद्य नाही. ते केवळ चोराचा वेळ घेते. दोन वेगळ्या प्रकारची कुलुपे, नजरेच्या टप्प्यातील जागा, फाटकावरील पडताळणी आणि दरवर्षी मुदत तपासलेला विमा यांचा एकत्रित अवलंब केल्यास चोरीची संधी घटेल व चोरी झालीच तर कुटुंबावरील आर्थिक आघात सौम्य होईल. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांना ही माहिती देणे महाविद्यालयांस सहज शक्य आहे.