सांधा शाबूत, शेजारचे पोलाद का तुटते?

विरार पूर्वेच्या चंदनसारपासून शिरसाड-पारोळपर्यंतच्या भातपट्ट्यात पहिला पाऊस पडला की अवजारांची दुरुस्ती आठवते. चिखलणीचे चाक, नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हूक असे सारे वेल्डिंगला जाते. पुढे पुष्कळदा असे दिसते की सांधा शाबूत राहतो आणि त्याच्या कडेला लागून पोलाद तुटते. दोष वेल्डरच्या माथी मारला जातो; तो नेहमीच त्याचा नसतो.

न तुटता ताणले किंवा वाकवले जाण्याच्या पोलादाच्या गुणाला तन्यता म्हणतात. अँगल, पट्टी यांचे साधे पोलाद तुटण्यापूर्वी साधारण २३ टक्के ताणले जाते. म्हणून बांधाला धडकलेला अँगल आधी वाकतो आणि आपल्याला सूचना मिळते. ठिसूळ पोलाद अशी सूचना देत नाही. भरलेल्या ट्रॉलीचा हूक चढावर असा तुटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

वेल्डिंग करताना पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. सांध्यालगतची काही मिलीमीटरची पट्टी वितळत नाही, पण लालभडक होते. बाजूचा थंड धातू तिची उष्णता काही सेकंदांत ओढून घेतो. लोहार विळ्याला पाणी देतो, तोच प्रकार इथे पाण्यावाचून घडतो. पोलादातील कार्बन अडकून पडतो आणि मार्टेन्साइट नावाची कठीण पण ठिसूळ रचना तयार होते. साध्या पोलादात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असल्याने फारसे बिघडत नाही. कमानपाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्के असतो, चांगल्या फाळात त्याहूनही जास्त. जाड तुकड्यावर मारलेला लहानसा टाका सर्वांत वाईट, कारण तो सर्वांत लवकर थंड होतो.

हे केवळ खेड्यातल्या दुकानात घडते असे नाही. मेलबर्न येथील किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये खुला झाला आणि १० जुलै १९६२ रोजी थंडीच्या सकाळी जड ट्रकखाली त्याचे गर्डर तडकून खचले. तडे वेल्डिंगलगतच्या पट्टीतूनच सुरू झाले होते.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ओल. दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात उघड्या पुड्यातील रॉड दमट होतात. त्या ओलाव्यातील हायड्रोजन पोलादात शिरतो आणि तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडतो. पावसाळ्यात रॉड सुकवून वापरण्याचा आग्रह धरावा. कमी हायड्रोजनचे ७०१८ रॉड भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास तापवावे लागतात. उन्हात ठेवून भागत नाही.

तुकडा कोणत्या पोलादाचा आहे हे ग्राइंडरवर कळते. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. जास्त कार्बनच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. अशा फाळाची जोडायची जागा आधी तापवावी. घासून चकचकीत केलेल्या भागावर गवती पिवळा रंग आला म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश, निळा आला म्हणजे ३०० च्या आसपास. या दरम्यान वेल्डिंग करावे. नंतर पाणी मुळीच ओतू नये. भाताच्या तुसाची कोरडी राख आपल्याकडे मुबलक असते; त्यात फाळ रात्रभर गाडून ठेवावा. सकाळी सांध्यालगत कानस चालवून पाहावी. ती घसरली, तर पट्टी अजून कडक आहे, पुन्हा तापवून हळू निववावी. धार मात्र मऊ पडली असल्यास लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावे लागेल.

जुन्या बिडाच्या नांगराला हा उपाय लागू नाही. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून अधिक असतो आणि मुळातच तन्यता नसते. रोटाव्हेटरची पाती आणि ट्रॉलीची पिन जोडू नयेत, नवीच घ्यावीत.