पाऊणकी पाठ असेल तर समुद्र भेटतो

मुंबईत समुद्रावर लोक संध्याकाळ गाठून जातात. समुद्रातले जीव बघायचे असतील तर तिथी गाठावी लागते. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना यासाठी छापील वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि आपल्या आजोबांनी शाळेत घोकलेली पाऊणकी इथे जवळपास चपखल बसते.

काही वर्षांपूर्वी फाल्गुन वद्य तृतीया रविवारी आली. तीन पाऊणे सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. तृतीया आणखी एका कारणाने चांगली. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, म्हणून पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. ते उधाण. त्याचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो आणि तृतीयेलाही बराच टिकून असतो. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही की उतरत नाही.

दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी पहाटेच डोंबिवलीहून निघाले, दादरला गाडी बदलली आणि साडेसातला वांद्र्याच्या बँडस्टँडला पोहोचले. पाणी अजून मागे हटत होतं. उतरत्या पाण्यामागून खाली जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं, हा इथला पहिला नियम. दुसरा नियम पायात घट्ट बूट. शेवाळलेल्या खडकावर चपला घालून जाऊ नये.

हा किनारा एखाद्या चाळीसारखा आहे, मजला बदलला की बिऱ्हाडं बदलतात. सगळ्यात वर, जिथे उधाणाचंच पाणी पोहोचतं, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगांत दार लावून बसलेल्या. त्याखाली बार्नेकल. छोट्या ज्वालामुखीसारखे दिसणारे हे पांढरट सुळके म्हणजे खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद. पिल्लू असताना पोहत येतात, डोकं खडकाला चिकटवतात आणि मग आयुष्यभर जागा सोडत नाहीत. भरती आली की कवचाचं झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढायचे आणि पाण्यातलं अन्न तोंडाकडे ओढायचं. त्याखालच्या मजल्यावर कालवं. धारदार कडांची, खडकाला घट्ट बिलगलेली.

तिथे एक बाई उकिडव्या बसून कालवं काढत होत्या. भाचा त्यांच्या हाताकडे बघत राहिला. "मावशी, आतलं पाणी पण घेता?" त्याने विचारलं. "पाण्यातच तर चव हाय," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "पोराला त्या हिरव्या गालिच्यावर पाय ठेवू देऊ नका. जित्तं हाय ते."

गालिचा खरंच जिवंत होता. झोअँथिड म्हणतात त्यांना, प्रवाळांचे नातेवाईक. शर्टाच्या बटणाएवढे शेकडो जीव एकमेकांना चिकटून खडकावर पसरलेले. पाणी असेल तिथे फुलासारखे उमललेले, पाणी गेलं तिथे मिटून चिकट गोळा झालेले. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं, तेव्हा पायच काय, हातही लावायचा नाही. शंखांच्या बाबतीतही तेच. कोन शंखाचा जीव विषारी काटा मारतो, म्हणून शंख सुंदर दिसला तरी उचलू नये.

साडेआठच्या सुमारास सगळ्यात खालच्या डबक्यांपाशी पोहोचलो. सारखा चट् चट् आवाज येत होता. कुठूनसं पाणी ठिबकत असेल असं वाटलं. ती पिस्तूल कोळंबी. तिचा एक पंजा मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा हा आवाज. त्या धक्क्याने समोरचा छोटा जीव बधिर होतो. कोळंबी दिसली नाही, पण डबक्याच्या तळाशी एक दगड हलला. भाच्याने माझा हात घट्ट धरला. दगडाला डोळा होता. वीतभर लांबीचा ऑक्टोपस, तपकिरी, खडबडीत. वाळूवरून सरकताना क्षणात फिका आणि गुळगुळीत झाला. त्वचेतल्या रंगाच्या सूक्ष्म पिशव्या स्नायूंनी ताणल्या-आवळल्या जातात, म्हणून रंग बदलायला त्याला पापणी लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. तीन हृदयं, निळं रक्त, आणि मागे रिक्षांचे हॉर्न.

एवढं बघायला मिळतं याचं श्रेय मुंबईसमोरच्या समुद्रतळालाही आहे. इथे उथळ तळाचा पट्टा खूप दूरवर पसरलेला आहे, त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक उधाणात चार मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो आणि मालवणला तो फरक बराच कमी असतो. म्हणजे मुंबईत रोज दोनदा रुंद पट्टा उघडा पडतो आणि रोज दोनदा बुडतो. शहराच्या नकाशावर त्याला जागा नाही. आपण त्याला मोकळा दगड समजतो, भरावासाठी सोयीचा. सागरी किनारा रस्ता बांधताना हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ निघाले. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. २०२० मध्ये त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. मला त्या बातमीने आनंद झाला नाही. उचलायला प्रवाळ तरी सापडले. झोअँथिड, स्पंज, कोळंबी यांची मोजदाद करून कोण हलवणार? 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेतो, दिसलेल्या जिवांचे फोटो आणि नोंदी ठेवतो. जे नोंदलेलंच नाही ते वाचवा म्हणून सांगायचं तरी कसं, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

सव्वानऊला त्या बाई पाटी उचलून चालू लागल्या. आम्हाला पाणी अजून तिथेच वाटत होतं. त्यांना वळलेलं दिसलं होतं. आम्हीही मागोमाग निघालो. वर येऊन चहा घेतला, कठड्यावर बसलो. लांबून शिवजयंतीच्या मिरवणुकीचे ताशे ऐकू येत होते. भाच्याने ऑक्टोपसची जागा दाखवायला बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. झोअँथिडचा गालिचा बुडाला होता, कालवांचे खडक बुडत होते, आणि त्याच्या बोटासमोर सगळीकडे सारखंच पाणी होतं.