टीबीची गोळी आणि मिस्ड कॉल

टीबीचे औषध साधारण सहा महिने चालते. महिन्या-दीड महिन्यात खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते आणि नेमकी तिथेच गोळी सुटते. पूर्वी 'डॉट्स' पद्धतीत दवाखान्यात जाऊन कर्मचाऱ्यासमोर गोळी घ्यावी लागे. हातावर पोट असलेल्या माणसाचा त्यात रोज बुडायचा.

यावर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये एक साधी युक्ती निघाली. पुढे एव्हरवेल या कंपनीने ती चालवली. नाव '९९डॉट्स'. गोळ्यांच्या पाकिटावर कागदी आवरण असते. गोळी दाबून काढली की आतला नंबर दिसतो. त्यावर फुकट कॉल करायचा, बस्स. त्या दिवशीची नोंद संगणकात होते. कॉल आला नाही तर दवाखान्याला कळते आणि ते विचारपूस करतात. स्मार्टफोन लागत नाही, लिहितावाचता येण्याची अडचण नाही, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

पण कॉल म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नाही. उलट, गोळी घेऊन कॉल करायचा राहून जातो, असेही अभ्यासांत दिसले आहे. शिवाय आपल्या वस्तीत फोन एक आणि माणसे पाच. फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. सुनेने आजार अजून घरात सांगितलेला नसतो आणि दवाखान्याचा मेसेज तिच्याआधी दुसराच वाचतो. म्हणून नाव नोंदवताना कोणाचा नंबर द्यायचा हे रुग्णाने स्वतः ठरवावे, आणि 'मेसेज नको, समक्ष सांगा' असे बेधडक म्हणावे.

आता सरकारी असो की खासगी, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद 'निक्षय' या संगणक प्रणालीत करावी लागते. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) बँक खात्यात येतात तेही याच नोंदीवरून. नंबर किंवा खाते बदलले तर लगेच कळवा.

संगणक गोळ्या मोजतो, त्रास विचारत नाही. गोळीने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मळमळते म्हणून गुपचूप गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर इलाज असतो.

कोणी विचारत नव्हते अशा आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदांसोबत स्वतः आंघोळ घातली, ही कथा विहारात आपण ऐकतो. मग त्याच विहारात टीबीच्या माणसाशेजारी बसायला का टाळतो? योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागण होण्याची भीती बरीच ओसरते. तोवर रुमाल आणि उघडी खिडकी पुरे.

शंका असेल तर निक्षयचा फुकट नंबर आहे : १८००-११-६६६६.