गजांआडच्या टोळ्या

तुरुंगातल्या टोळीत शिरणारा कैदी बहुधा गुंडगिरीच्या हौसेने शिरत नाही, त्याला पाठीशी कोणीतरी हवे असते. कैदेत स्वातंत्र्याबरोबर सुरक्षितताही हिरावली जाते, हे समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी न्यू जर्सीतील तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ मध्ये मांडले.

समजा, चिंचोळी एमआयडीसीतला एखादा कामगार मारामारीच्या गुन्ह्यात पहिल्यांदाच आत गेला. गर्दीच्या बरॅकमध्ये झोपायला जागा, नळावर नंबर, साबण, बिडी आणि मारापासून बचाव, सगळे एकदमच लागते. संध्याकाळी बंदी झाली, कुलूप लागले की शिपाई बाहेर आणि आत कैदीच कैदी. अशा वेळी गाववाला किंवा ओळखीचा ‘भाई’ जवळ करतो. उपकार फुकट नसतात. पुढे निरोप पोचवणे, वस्तू लपवणे, भांडणात उभे राहणे ओघानेच येते, आणि सुटल्यावरही हाक येते.

पण टोळ्या सगळ्याच तुरुंगांत का नसतात? डेव्हिड स्कारबेक या अभ्यासकाने कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतले. तिथे पूर्वी कैद्यांचे अलिखित नियम पुरेसे होते: चुगली करायची नाही, उधारी बुडवायची नाही. कैदी थोडे, म्हणून कोण कसा हे सर्वांना ठाऊक. संख्या फुगली, रोज अनोळखी चेहरे येऊ लागले, तसे हे नियम लुळे पडले. मग भरवसा माणसाऐवजी टोळीवर ठेवला जाऊ लागला. एकाने पैसे थकवले तर त्याची टोळी जबाबदार. ‘मेक्सिकन माफिया’ ही टोळी १९५७ च्या सुमारास तिथल्याच तुरुंगात जन्मली. त्याच राज्यातल्या महिला तुरुंगांत मात्र अशा टोळ्या रुजल्या नाहीत.

महाराष्ट्रातील चित्र थोडे वेगळे आहे. मुंबईच्या टोळ्या बाहेर जन्मल्या आणि आत पोचल्या. आर्थर रोड तुरुंगात अनेकदा क्षमतेच्या तिपटीहून अधिक कैदी असतात. हाणामाऱ्या टाळण्यासाठी प्रतिस्पर्धी टोळ्यांना वेगळे ठेवले जाते. ही खबरदारी समजण्याजोगी असली तरी बरॅकवरूनच टोळी ओळखली जाऊ लागते, हा तिचा तोटा. शिवाय ती पुरतेच असेही नाही. गँगस्टर अबू सालेमवर २०१० मध्ये आर्थर रोडमध्ये हल्ला झाला; त्याला तळोजा तुरुंगात हलवल्यावर २०१३ मध्ये तिथे चक्क गोळीबार झाला.

गर्दीचे मूळ कच्च्या कैद्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ अखेर देशातील ५.७३ लाख कैद्यांपैकी ४.३४ लाख जणांचा खटला संपलेला नव्हता. जामीन मिळूनही रकमेअभावी अडकलेल्याला बाहेर काढणारा ‘भाई’ देव वाटला तर नवल नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी वा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले कैदी यांना ही सवलत नाही.