दातांचा विमा : हप्ता किती, आधार किती?

विमा म्हणजे अनेकांनी थोडेथोडे देऊन एखाद्यावर अकस्मात कोसळणारा मोठा भार वाटून घेणे होय. घरास आग लागणे, कर्ता माणूस जाणे, या गोष्टी क्वचित घडतात. परंतु घडल्या म्हणजे कुटुंबाची वाताहत होते. अशा प्रसंगी विमा हा खरा आधार ठरतो. दातांची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. दात किडणे हा अपघात नव्हे. गोड व चिकट अन्नाचे कण दातांवर राहतात, तोंडातील सूक्ष्म जंतू त्यांपासून आम्ल उत्पन्न करतात, आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच हळूहळू झिजते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ पुष्कळ आईबाप दुधाची समजून तिजकडे दुर्लक्ष करतात. ती एकदा गेली म्हणजे पुन्हा येत नाही.

मुलांच्या दातांसाठी विमा घ्यावा किंवा नाही, हा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रथम हे ध्यानात ठेवावे की, आपल्या देशातील सामान्य आरोग्यविमा मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर होणाऱ्या खर्चासाठी असतो. दात भरणे किंवा रूट कॅनाल करणे ही कामे डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबसल्या होतात. म्हणून ती बहुधा वगळलेली असतात. त्यांसाठी निराळी जोड घ्यावी, तर तिचा निराळा हप्ता पडतो. आपल्या उपनगरांतून जे विद्यार्थी शिक्षणासाठी अमेरिकेस जातात, त्यांसही तेथे दातांची योजना बहुधा स्वतंत्र घ्यावी लागते. तेथील रूढ पद्धत अशी की, तपासणी व सफाईचा सर्व खर्च, दात भरण्याचा ८० टक्के आणि मोठ्या कामाचा ५० टक्के योजनेने द्यावा. शिवाय वर्षाची एक कमाल मर्यादा असावी.

याच नमुन्यावर एक कल्पित उदाहरण मांडू. वर्षाचा हप्ता १,५०० रुपये व मर्यादा ५,००० रुपये धरू. एका मुलाची तपासणी ३०० रुपयांत झाली व एक दात १,००० रुपयांत भरला. योजनेकडून ३०० व ८०० मिळून १,१०० रुपये आले; म्हणजे ४०० रुपये पदरचे गेले. दुसऱ्या मुलास तपासणीअंती रूट कॅनाल व वरची टोपी मिळून ९,००० रुपये लागले. त्यास ३०० व ४,५०० मिळून ४,८०० रुपये आले. हप्ता वजा जाता ३,३०० रुपयांचा लाभ झाला. या हिशेबाने, नऊ मुलांपैकी निदान एकावर तरी दुसऱ्यासारखा प्रसंग येणार असेल, तरच अशी योजना तोट्याची होणार नाही.

आता मर्यादेकडे पाहावे. समजा, खर्च ९,००० नसून २०,००० झाला, तरी योजना ५,००० रुपयांवर थांबणार व उरलेले १५,००० आपणच भरणार. खऱ्या विम्यात लहान खर्च आपण सोसावा व मोठा कंपनीने उचलावा. येथे गोष्ट उलट झाली! लहानसहान खर्चास आधार, आणि मोठ्या संकटात आपण एकटे. यास्तव विमापत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. वर्षाची मर्यादा किती? मोठ्या कामासाठी किती महिने थांबावे लागते? दात सरळ करण्याची तार यात येते की वगळलेली आहे? आणि आपल्या घराजवळचा दंतवैद्य योजनेच्या यादीत आहे काय? घाटकोपरच्या कुटुंबास बोरिवलीचा दंतवैद्य काय उपयोगाचा?

हप्ता भरण्यापूर्वी जे साह्य आधीच उपलब्ध आहे, तेही तपासावे. मुंबई सेंट्रलजवळ महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. अंधेरी-बोरिवलीकरांस तेथे एकाच लोकलने जाता येते. मुलुंड-घाटकोपरकरांस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे. खाजगी दवाखान्याच्या मानाने तेथील आकार फार अल्प असतो. मात्र तेथे रांग असते व खेपाही घालाव्या लागतात. ज्या आईचा रोज बुडतो, तिने तो रोजही खर्चातच धरावा. ज्या पालकांच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांची मुलेही त्या योजनेत येतात. त्यांनी दातांविषयी प्रथम तेथेच चौकशी करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दातांच्या किडीचा समावेश आहे. म्हणून शाळेत तपासणी होऊन चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरात चुरगळू देऊ नये.

तात्पर्य, ज्या मुलाचे दात पूर्वीच किडके आहेत किंवा ज्या कुटुंबास एकदम चारपाच हजार उभे करणे अशक्य आहे, त्याने अटी वाचून योजना घेण्यास हरकत नाही. इतरांनी तेवढीच रक्कम महिन्याच्या १२५ रुपयांप्रमाणे बाजूला टाकावी. दात दुखला नाही, तर ती घरातच राहील. परंतु विमाही नाही, शिल्लकही नाही, आणि दुखऱ्या दाढेवर लवंग धरून मूल परीक्षेस बसले आहे, हा मार्ग सर्वांत महाग होय. आज एक हजारात भरणारा दात उद्या नऊ हजार मागतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या हाती असा एक उपाय आहे की, ज्यास मर्यादा नाही व थांबणेही नाही. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत, आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या गोळ्या-चॉकलेटांस आवर घालावा. हा हप्ता फार लहान आहे. तो मात्र तुमच्यावाचून दुसऱ्या कोणास भरता येत नाही.