वाहनाचे धुरकटलेले दिवे घरच्या घरी कसे उजळावेत?

काटोल तालुक्याची ओळख संत्र्यावरून आहे. येथील आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरतात, तर मृग बहाराची तोडणी फेब्रुवारीपासून सुरू होते. दिवसभर तोडलेला व भरलेला माल पुष्कळदा रात्री किंवा भल्या पहाटे नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतो. हिवाळ्यात रात्र मोठी असते, पहाटे धुके असते आणि रस्त्यावर बैलगाड्या, सायकली व पायी चालणारे मजूर दिव्याविनाच जात असतात. हंगामापूर्वी वाहनधारक टायर, ब्रेक व तेल तपासून घेतात. परंतु पुढचे दिवे पेटतात एवढे पाहिले की त्यांचे समाधान होते. दिवा पेटणे आणि दिव्याने रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रकाश किती घटतो?

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये धुरकट व पिवळ्या पडलेल्या दिव्यांची मोजणी केली. डिपरवर असे दिवे नव्या दिव्याच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश देत होते. घरच्या घरी साफ केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले.

या घटीचा अर्थ शेतकऱ्याच्या मापाने पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. संत्र्याची लागवड ६ मीटर अंतरावर केलेली असेल, तर डोळ्याची पापणी लवून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जवळजवळ तीन झाडांचे अंतर संपलेले असते. कोरड्या रस्त्यावर वाहन पूर्ण थांबण्यास एकंदर ४० मीटर, म्हणजे सुमारे सात झाडांचे अंतर लागते. क्रेटांनी लादलेल्या पिकअपला याहूनही अधिक लागते. सातव्या झाडापाशी उभा असलेला माणूस दिव्याच्या उजेडात दिसलाच नाही, तर चालक कितीही सावध असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

काच नव्हे, प्लॅस्टिक

बोलण्यात आपण दिव्याची ‘काच’ म्हणतो. परंतु अलीकडील मोटारी व पिकअप यांच्या दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते. हे प्लॅस्टिक १९५३ मध्ये जर्मनी व अमेरिका येथील दोन कारखान्यांत स्वतंत्रपणे शोधले गेले. ते हलके व न फुटणारे आहे. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर पारदर्शक संरक्षक लेप चढवलेला असतो. विदर्भाच्या कडक उन्हात, धुळीत व वाळूच्या माऱ्यात हा लेप काही वर्षांनी झिजतो, त्याला बारीक तडे जातात आणि खालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

प्रथम तपासणी करावी

आवरणावर पाणी शिंपडावे. ओले असताना ते क्षणभर स्वच्छ दिसले, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे व तो घासून दूर होईल. धुरकटपणा आतील बाजूस असेल, आत पाणी साचत असेल किंवा मागील चकचकीत परावर्तक काळा पडला असेल, तर बाहेरून घासून लाभ होणार नाही. जुन्या जीप व काही ट्रॅक्टर यांचे दिवे खऱ्या काचेचे असतात. त्यांना ही कृती करू नये.

साहित्य व कृती

८००, १५००, २००० व ३००० नंबरचे वॉटर पेपर, प्लॅस्टिकसाठीचे पॉलिश, मास्किंग टेप, मऊ सुती कापड, बादलीभर स्वच्छ पाणी, सौम्य साबण आणि अतिनील किरणरोधक पारदर्शक लेप एवढे साहित्य जमवावे.

१. वाहन सावलीत उभे करून दिवे थंड होऊ द्यावेत व साबणाच्या पाण्याने धुवावेत. धुळीचा कण राहिला तर नवीन ओरखडे पडतात.

२. दिव्याभोवतीच्या रंगावर दोन पदर टेप चिकटवावी.

३. ८०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून आडव्या दिशेने हलक्या हाताने घासावे. पाणी सतत सोडावे. प्रथम पिवळसर पाणी उतरते, पुढे ते पांढरे होते. पांढरे पाणी आले म्हणजे जुना लेप निघाला असे समजावे.

४. पुसून १५०० नंबरने उभे, २००० ने पुन्हा आडवे आणि ३००० ने उभे घासावे. दिशा बदलल्याने मागील पेपरचे ओरखडे गेले की नाही हे लगेच दिसते. एकही नंबर गाळू नये. या वेळी आवरण दुधाळ दिसते. त्याने घाबरून जाऊ नये.

५. धुऊन वाळवल्यावर कापडावर थोडे पॉलिश घेऊन गोलाकार चोळावे. पारदर्शकता परत येते.

संरक्षक लेपाचे महत्त्व

पुष्कळजण येथेच थांबतात आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडला की कृतीलाच दोष देतात. संत्रा बागायतदारास याचे कारण सांगावे लागू नये. डिंक्या रोगाची साल खरवडून जखम तशीच उघडी ठेवली तर रोग पुन्हा बळावतो. म्हणून खरवडलेल्या जागी बोर्डो मलम लावतात. घासलेले प्लॅस्टिक ही तशीच उघडी जखम आहे. पॉलिशचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, वारा व धूळ नसलेल्या सावलीच्या जागी लेप एकाच दिशेने पातळ द्यावा आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत त्यास पाणी लागू देऊ नये. लेप देताना तोंडावर मुखपट्टी व हातात मोजे असावेत.

काय टाळावे?

पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन यांनी दिवा पुसू नये; त्यांनी पॉलिकार्बोनेटला तडे जातात. धुण्याचा सोडाही वापरू नये. टूथपेस्टने थोडी चमक येते, पण संरक्षण मिळत नाही. बागेत फवारणी चालू असताना वाहन दूर उभे करावे. अनेक कीटकनाशकांत सेंद्रिय द्रावक असतात. त्यांचे थेंब दिव्यावर पडल्यास लगेच साध्या पाण्याने धुवावेत. वाहन शक्यतो सावलीत ठेवावे.

काम संपल्यावर सपाट जागी भिंतीसमोर वाहन उभे करून दोन्ही दिव्यांचे झोत सारख्या उंचीवर पडतात की नाही ते पाहावे व गरज असल्यास गॅरेजमध्ये जुळवून घ्यावेत. उंच गेलेला झोत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. धुक्यात डिपरच वापरावा. आवरणास खोल तडे गेले असतील तर दिवा बदलणेच योग्य.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आंबिया बहाराच्या तोडणीपूर्वी गावात एका वाहनावर ही कृती करून दाखवावी. एक दिवा साफ करावा, दुसरा तसाच ठेवावा आणि अंधार पडल्यावर दोन्ही पेटवून गावकऱ्यांना रस्त्यावर उभे करावे. कोणत्या दिव्यात माणूस आधी दिसतो, याचा निर्णय ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी करावा. दुसरा दिवा साफ करण्यास मग कोणाला सांगावे लागणार नाही.